बीएमआय 24.2 : ठीक की जास्त?

समजा, एका बाईंची उंची 5 फूट 4 इंच आणि वजन 64 किलो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हे आकडे टाकले की बीएमआय येतो 24.2. काटा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे सगळं ठीक. त्याच आठवड्यात ऑफिसने करून दिलेल्या 'फुल बॉडी चेकअप'चा रिपोर्ट हातात पडतो. त्यातही 24.2च लिहिलेलं असतं, पण पुढे ठळक अक्षरांत 'ओव्हरवेट'. अशा वेळी बहुतेक जण करतात तेच त्या बाई करतात : जो निकाल सोयीचा तो धरतात आणि दुसरा फाइलमध्ये घालून कपाटात टाकतात.

खरं तर अ‍ॅपही चुकलेलं नाही आणि लॅबही नाही. दोघांचं गणित एकच आहे, रेघ मात्र वेगवेगळ्या ठिकाणी मारलेली आहे. ही रेघ कुठे मारायची यावर गेली वीसेक वर्षं डॉक्टरमंडळी वाद घालताहेत, आणि त्या वादात पुण्याचा वाटा मोठा आहे. त्याकडे येऊच, आधी गणित उरकून घेऊ.

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. 'वर्ग' म्हटल्यावर शाळेतला गणिताचा तास आठवून पोटात गोळा येत असेल, तर असं करा : कॅल्क्युलेटरवर वजन टाका, त्याला उंचीने भागा, जे येईल त्याला पुन्हा एकदा उंचीने भागा. झालं.

आपलं घोडं अडतं ते उंचीपाशी. वजन आपण किलोत सांगतो आणि उंची फूट-इंचांत. 1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. 5 फूट 4 इंच म्हणजे 64 इंच, 64 गुणिले 2.54 म्हणजे 162.56 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 1.626 मीटर. आता 64 भागिले 1.626 बरोबर 39.36, आणि त्याला पुन्हा 1.626 ने भागलं की 24.2.

यात एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायलाच हवी. आपण बोलताना 'पाच पॉइंट दहा' म्हणतो आणि लिहिताना 5.10 लिहितो. आपल्याला म्हणायचं असतं 5 फूट 10 इंच. पण जिथे उंची फुटांत, दशांश चिन्ह देऊन भरायची असते, तिथे 5.10 म्हणजे 5.1 फूट, म्हणजे जेमतेम 5 फूट आणि एक इंचाहून थोडं जास्त. 75 किलोच्या माणसाची उंची 5 फूट 10 इंच असेल तर त्याचा बीएमआय 23.7. तोच माणूस 5.1 फुटांचा धरला तर 31. टिंबाने माणूस एकदम लठ्ठांच्या रांगेत. म्हणून उंची सेंटिमीटरमध्ये मोजून घ्यावी आणि तशीच पाठ ठेवावी.

आणि मोजावीच. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी किंवा लग्नाच्या बायोडेटासाठी सांगितलेली उंची इथे चालत नाही, कारण तिच्यात इंच-दीड इंचाचा मोठेपणा घातलेला असू शकतो आणि सूत्रात उंची दोनदा येत असल्यामुळे चूकही दोनदा लागते. चप्पल काढून भिंतीला टाचा टेकवायच्या, नजर सरळ समोर, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि बाजूला होऊन ती टेपने मोजायची. वजन शक्यतो सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी आणि दर वेळी एकाच काट्यावर. स्टेशनवरच्या रंगीत दिव्यांच्या मशीनवर बूट-बॅगेसकट चढलेलं वजन मोजू नका.

आता वजनाला उंचीच्या वर्गानेच का भागायचं, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर मोठ्यांची पंचाईत होते. सूत्र कुठल्या डॉक्टरचं नाही. ते आहे बेल्जियममधल्या अडॉल्फ केटले नावाच्या गृहस्थाचं. 1796 साली जन्मलेला हा माणूस खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांना लागू पडणारे सरासरीचे नियम माणसांनाही लागू पडतात का, हे त्याला पाहायचं होतं. 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेताना 1830च्या दशकात त्याने उंची-वजनाच्या नोंदी तपासल्या. माणूस चहूबाजूंनी सारखाच वाढत असता तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढलं असतं. पण उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची मोठी केलेली प्रत नसते. उंच माणसं त्या मानाने सडपातळ असतात. केटलेला दिसलं की प्रौढांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात जातं. एवढंच. लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हे सूत्र जवळपास पडून राहिलं. मधल्या काळात 'योग्य वजन' ठरवायचं काम अमेरिकेत विमा कंपन्या करत होत्या. कुठल्या उंची-वजनाचे विमेदार किती जगतात याचे त्यांच्याकडे तक्ते असत. 1972 साली अँसेल कीज या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली. (होय, फक्त पुरुषांची.) अंगातल्या चरबीचा अंदाज द्यायला उंची-वजनाची कोणती मांडणी बरी, हे त्यांना ठरवायचं होतं. केटलेचं जुनं सूत्र त्यातल्या त्यात बरं निघालं, आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला तिथेच मिळालं. हजारो लोकांच्या पाहणीत प्रत्येकाची चरबी मोजत बसणं शक्य नसतं, तिथे वजनकाटा आणि टेपवर काम भागतं, हा त्याचा मोठा गुण. गर्दीसाठी निवडलेलं हे माप नंतर दवाखान्यात एकेका माणसाला लावलं जाऊ लागलं आणि तिथून घोळ सुरू झाला.

कारण सूत्रात आहे काय, तर वजन आणि उंची. त्या वजनात चरबी किती, स्नायू किती, हाडं किती, पाणी किती, हे त्याला कळत नाही. चरबी मांड्यांवर आहे की पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात साठलीय, हेही कळत नाही. तालमीत जाणारा पैलवान आणि दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, दोघांची उंची-वजनं जुळली तर बीएमआयही जुळणार.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्यातलं आहे. केईएम हॉस्पिटलमधले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी-शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी तंतोतंत सारखा : 22.3. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. फोटोखाली त्यांनी थट्टेने लिहिलं होतं की एक लेखक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यासाठी केलेली धावपळ. त्याच ओळींत एक गंभीर गोष्टही होती : याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

हा जन्मवजनाचा मुद्दा सहज आलेला नाही. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1990च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत होते. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं लांबीला, डोक्याच्या घेराला, स्नायूंना, पोटातल्या अवयवांना सगळीकडे कमी पडली होती. एका गोष्टीत मात्र ती फारशी मागे नव्हती : पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी. बाळ दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. जन्मापासूनच.

आपल्या आजूबाजूला पाहिलं की हे मोठेपणीही ओळखू येतं. हातपाय काडीसारखे, गाल बसलेले, आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. वजन बघावं तर 65 किलो. घरात कुणी त्याला लठ्ठ म्हणणार नाही, उलट 'अंगाला काही लागत नाही याच्या' म्हणून ताटात आणखी एक चमचा तूप पडतं. आणि चाळिशीच्या आत साखर निघते.

म्हणून रेघेचा वाद. जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीची मोजपट्टी अशी : 18.5 च्या खाली कमी वजन, 18.5 ते 24.9 योग्य, 25 ते 29.9 जास्त आणि 30 पासून पुढे लठ्ठपणा. हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या आजार-मृत्यूच्या नोंदींवरून आलेले. तिथेही रेघ काही दगडावरची नव्हती. अमेरिकेत 1998 पर्यंत पुरुषांसाठी ती 27.8 आणि बायकांसाठी 27.3 होती. ती 25 वर आणली आणि कोट्यवधी अमेरिकन लोक एक ग्रॅमही न वाढवता 'ओव्हरवेट' झाले.

2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्याच तज्ज्ञगटाने मान्य केलं की आशियाई लोकांमध्ये धोका आधीच सुरू होतो, आणि 23 व 27.5 हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. नेहमीची मोजपट्टी मात्र बदलली नाही. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये एक पाऊल पुढे टाकलं : 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा. रिपोर्टमधलं 'ओव्हरवेट' आलं ते इथून, आणि अ‍ॅपचा हिरवा पट्टा आला तो जागतिक मोजपट्टीवरून.

भारतीय रेघ म्हणजे नसती काळजी, असं कुणाला वाटत असेल तर 2021 साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडचा अभ्यास पाहावा. तिथल्या साडेचौदा लाखांहून अधिक लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. गोऱ्या माणसाला बीएमआय 30 असताना मधुमेह होण्याचा जेवढा धोका, तेवढाच भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांना किती बीएमआयवर? उत्तर निघालं 23.9. आपल्या 24.2 वाल्या बाई मधुमेहाच्या बाबतीत 30 ओलांडलेल्या गोऱ्या बाईच्या बरोबरीने उभ्या आहेत. लंडन-लेस्टरला असलेल्या मराठी मंडळींनाही हेच लागू. हवापाणी बदललं तरी अंग बदलत नाही, आणि तिथली सरकारी आरोग्य मार्गदर्शक तत्त्वंही दक्षिण आशियाई लोकांसाठी 23 आणि 27.5 हेच टप्पे वापरतात.

तेव्हा माझं मत सरळ आहे : भारतीय प्रौढाने 25 विसरावं आणि 23 लक्षात ठेवावं. किलोत सांगायचं तर 5 फूट उंचीला 23 म्हणजे साधारण 53 किलो, 5 फूट 2 इंचांना 57, 5 फूट 4 इंचांना 61, 5 फूट 6 इंचांना साडेचौसष्ट आणि 5 फूट 8 इंचांना साडेअडुसष्ट. हे वाचून बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतील, विशेषतः ज्यांना लहानपणापासून 'खात्यापित्या घरचा' अशी शाबासकी मिळत आली आहे.

रेघ ओलांडली म्हणजे आजार जडला असं मात्र नाही. 23.4 आणि 22.8 यांत फार तर दीड-दोन किलोंचा फरक आहे. रेघेच्या आसपास असाल तर पुढची पायरी म्हणजे शिंप्याची टेप.

कंबरेचा घेर मोजायची जागा लोक हमखास चुकतात. पुरुष सांगतात, 'माझी पँट 34ची.' खरी असेल, पण पट्टा ढेरीच्या खाली बांधलेला असतो. पोट वाढत जातं तसा पट्टा खाली घसरत जातो आणि पँटची साइज वर्षानुवर्षं तीच राहते. टेप लावायची ती शेवटची फासळी जिथे संपते आणि कमरेचं हाड जिथे सुरू होतं, त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये. साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी सैल करून मोजावं, कारण नाडीचा वळ ही मोजण्याची जागा नाही. उभं राहून, टेप जमिनीला समांतर, श्वास नेहमीसारखा सोडून झाल्यावर. पोट आत ओढलं तर फसवणूक स्वतःचीच. आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आतबाहेर, बायकांसाठी 80 सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. आकडे लक्षात राहत नसतील तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. 5 फूट 4 इंच उंची असेल तर 64 इंचांचे निम्मे, 32.

देशभरातल्या पाहणीत हा फरक ठसठशीत दिसला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त असलेले प्रौढ 28.6 टक्के निघाले, तर पोट सुटलेले 39.5 टक्के. म्हणजे वजनकाट्याने ज्यांना सोडून दिलं त्यांतल्या बऱ्याच जणांना टेपने पकडलं. जानेवारी 2025 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची व्याख्या पुन्हा मांडली तेव्हा बीएमआय 23 च्या वर असणं ही सुरुवात धरली आणि पोटाचा घेर, शरीरावर झालेले परिणाम, जोडीला आलेले आजार हे पाहून पुढचा टप्पा ठरवावा असं सांगितलं. 

काही जणांना हे गणित लावूच नये. गरोदर बाई, अंगावर सूज असलेला किंवा पोटात पाणी झालेला रुग्ण, अवयव गमावलेला माणूस, भरपूर स्नायू कमावलेला खेळाडू. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाचायचे वेगळे तक्ते असतात, तेव्हा दहावीतल्या लेकीला 'तुझा बीएमआय बघ' म्हणून मोठ्यांची मोजपट्टी लावू नका. आणि घरातली म्हातारी माणसं. वयानुसार मणके झिजतात, पाठीला बाक येतो, उंची घटते. आजीची उंची 158 सेंटिमीटरवरून 152 झाली आणि वजन 56 किलोच राहिलं, तर बीएमआय 22.4 वरून 24.2 वर जातो. चरबी वाढली म्हणून नव्हे, पाठ वाकली म्हणून. सत्तरीतल्या माणसाचं वजन आपोआप उतरत असेल तर आनंद मानू नये. त्यात बहुधा स्नायू जात असतात, आणि स्नायू गेले की पडणं-झडणं आलं.

खालच्या टोकाबद्दल शहरातली आरोग्यचर्चा फारशी बोलत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांपैकी 18.7 टक्क्यांचा बीएमआय 18.5 च्या खाली होता आणि 24 टक्क्यांचा 25 किंवा त्याच्या वर. एकाच देशात दोन्ही. आणि याज्ञिकांच्या गावांतली बाळं आठवली तर ही दोन टोकं एकमेकांना कशी जोडलेली आहेत तेही दिसतं : आईच्या अंगात काही नसतं, बाळ किडकिडीत पण चरबी राखून जन्मतं, आणि पुढे त्याच्या हाती दुचाकी, नोकरी आणि भरलेलं ताट आलं की मधुमेहाची वाट मोकळी होते. प्रयत्न न करता वजन उतरत चाललं असेल तर क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड यांसाठी तपासून घ्यावं. 'बारीक झालास, छान दिसतोस' यावर थांबू नये.

आकड्याचा थेट पैशांशीही संबंध येतो. वजन घटवण्यासाठी जठराचा आकार लहान करायची जी शस्त्रक्रिया असते, तिच्यासाठी 2009 च्या भारतीय शिफारशींत बीएमआय 37.5, किंवा सोबत आजार असतील तर 32.5 असा टप्पा आहे. आरोग्यविम्याच्या प्रमाणित कलमात मात्र 40, किंवा गंभीर आजारांसह 35 लागतो. म्हणजे डॉक्टर 'करून घ्या' म्हणतात आणि विमा कंपनी दावा नाकारते, असं होऊ शकतं आणि दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात. अशी शस्त्रक्रिया ठरवण्याआधी पॉलिसीतलं ते कलम वाचून घ्यावं.

राहता राहिलं, आकडा जास्त निघाला तर किती उतरवायचं. बीएमआयचा एक अंक म्हणजे किती किलो, हे काढायला नवं सूत्र लागत नाही. उंचीचा वर्ग हाच त्या किलोंचा आकडा. आपल्या बाईंसाठी 1.626 गुणिले 1.626, म्हणजे 2.64 किलो. 24.2 वरून 23 वर यायला सव्वातीन किलोंच्या आसपास. तीन-चार महिन्यांत, रोजच्या चालण्याने आणि रात्रीच्या भाताचा वाटा कमी करून होण्यासारखं काम आहे. दर सकाळी काट्यावर चढून आकडा हलतोय का बघायची मात्र गरज नाही, आणि अनवाणी पायांनी उभं राहिल्यावर 'चरबी अमुक टक्के' दाखवणाऱ्या घरगुती काट्यावरही फार विसंबू नये. ते पायांतून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात आणि दोन ग्लास पाणी प्यायलं तरी आकडा हलू शकतो.

आणि समजा काटा हललाच नाही, तर? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला औषध न देता फक्त खाण्यातले बदल आणि नियमित चालणं सांगितलं होतं. सुमारे तीन वर्षांनी पाहिलं तर या लोकांची वजनं म्हणण्यासारखी उतरलेली नव्हती, बीएमआय होता तिथेच होता. तरीही काही सल्ला न मिळालेल्या गटाच्या मानाने त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी निघालं.